तमिळ किनाऱ्यावरचे आपले भाऊबंद

“तुम्ही मुसलमान? मग मराठी इतकी चांगली कशी बोलता?” हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी एस.टी.त, ऑफिसात नाहीतर मुलांच्या शाळेत कधी ना कधी ऐकलेला असतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, त्याला कौतुकच वाटत असते. पण ज्या भाषेत आपल्या आजी-नानींनी आपल्याला जोजवले, ज्या भाषेत आपले बापजादे बाजारात घासाघीस करत आले, तीच भाषा बोलल्याबद्दल आपले कौतुक व्हावे हे मनाला लागतेच. दुसरा प्रश्न आपल्याच लोकांकडून येतो: “घरात उर्दू नाही? मग मुलांना दीन कसा कळणार?” या दोन प्रश्नांच्या कात्रीत मराठी मुसलमान घर कायम सापडलेले असते.

देशाच्या दक्षिण टोकाला एक राज्य असे आहे की जिथल्या बहुसंख्य मुसलमानांना ही कात्री ठाऊकच नाही. ते राज्य म्हणजे तमिळनाडू. 2011 च्या जनगणनेनुसार तिथली लोकसंख्या 7 कोटी 21 लाख, आणि त्यात मुसलमान सुमारे 42 लाख, म्हणजे शेकडा सहाच्या आत. त्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा तमिळ आहे. ते तमिळमध्ये स्वप्ने पाहतात, तमिळमध्ये भांडतात आणि दुआही तमिळमध्ये मागतात. हे कसे घडले हे समजून घ्यायचे तर आधी ती जमीन आणि तो समुद्र पाहायला हवा.

उलट्या पावसाचा मुलूख

नकाशा समोर ठेवला तर तमिळनाडूच्या पश्चिमेला सह्याद्रीचीच पुढची रांग दिसते. महाराष्ट्रातून कोकणच्या पाठीशी उभा असलेला हा डोंगर दक्षिणेकडे सरकत नीलगिरीपर्यंत जातो आणि तिथे पूर्व घाटाला भेटतो. नीलगिरीतले दोड्डबेट्टा शिखर 2,637 मीटर उंच आहे. आपले कळसूबाई त्याच्यापेक्षा जवळजवळ हजार मीटरने ठेंगणे. पश्चिमेला हा डोंगर, पूर्वेला बंगालचा उपसागर आणि टोकाला कन्याकुमारी, अशी या राज्याची चौकट आहे. किनारा हजार किलोमीटरहून लांब आहे.

आपण मृगाच्या पावसाची वाट पाहतो. कोकणात जून-जुलैमध्ये धो-धो कोसळणारे ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात आणि डोंगरापलीकडच्या तमिळ मुलखाला त्यातले थोडेच मिळते. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्येकडून, समुद्रावरून येतो. वर्षभराच्या पावसातला जवळजवळ निम्मा याच तीन महिन्यांत पडतो, आणि वादळेही त्याच दिवसांत येतात. म्हणजे आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास आकाश मोकळे होते, तेव्हा तिथे छत्र्या उघडतात.

या राज्याची आई म्हणजे कावेरी. ती कर्नाटकात कोडगूच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे 800 किलोमीटर वाहून तंजावर-नागपट्टिणमच्या सपाट प्रदेशात अनेक फाटे फोडत समुद्राला मिळते. तिच्यावर करिकाल चोळ राजाने बांधलेला कल्लणै नावाचा दगडी बंधारा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो आणि आजही त्याच्यावरून शेतीला पाणी वळवले जाते. कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश तमिळनाडूचे भाताचे कोठार आहे. मदुरैची वैगै आणि तिरुनेलवेलीची ताम्रपर्णी या तिच्या धाकट्या बहिणी.

प्राचीन तमिळ कवींनी आपल्या भूमीचे पाच भाग केले होते: कुरिंजी म्हणजे डोंगर, मुल्लै म्हणजे रान, मरुतम म्हणजे भातशेती, नेय्दल म्हणजे समुद्रकिनारा आणि पालै म्हणजे उन्हाने करपलेली कोरडी जमीन. प्रत्येक भागाची वेगळी फुले, वेगळे व्यवसाय आणि माणसाच्या मनाची वेगळी अवस्था त्यांनी ठरवली होती. कुरिंजीला मीलन, तर नेय्दलला विरहाची व्याकूळता. जिथे माणसे दर्यावर जातात आणि घरातली माणसे वाट पाहतात, तिथे दुसरे काय असणार? आपली गोष्ट याच नेय्दलमध्ये सुरू होते.

माबर: ओलांडण्याची जागा

अरब व्यापारी या किनाऱ्याला ‘माबर’ म्हणत. अरबीत त्याचा अर्थ ओलांडण्याची, पलीकडे जाण्याची जागा. इथून पुढे श्रीलंका, मलाक्का आणि चीनकडे जाणारी वाट होती. इस्लाम येण्याआधीपासून अरबांची गलबते इथे ये-जा करत होती. अरबस्तानात इस्लाम आल्यावर त्याच गलबतांतून तो इथे उतरला. तिरुचिरापल्लीत एक लहानशी दगडी मशीद आहे, तिच्यावरच्या अरबी लेखात हिजरी 116, म्हणजे इ.स. 734 हे साल असल्याची नोंद आहे. उत्तरेत दिल्लीची सल्तनत स्थापन व्हायला अजून चार शतकांहून अधिक काळ जायचा होता.

हा इतिहास नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. या किनाऱ्यावर इस्लाम व्यापाऱ्याच्या तराजूबरोबर आला. फौज फार उशिरा आली. 14 व्या शतकात मदुरैला सुमारे चाळीस वर्षे सुलतानांची गादी होती, इब्न बतूताही त्या दरबारात राहून गेला, पण ती गादी मोडली तरी किनाऱ्यावरच्या मुसलमान वस्त्यांना धक्का लागला नाही, कारण त्या तिच्यावर उभ्याच नव्हत्या.

ताम्रपर्णीच्या मुखाजवळ कायल नावाचे बंदर होते. 13 व्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो तिथे आला, तेव्हा होर्मुझ आणि एडनकडून येणारी जहाजे त्या बंदराला लागत. जहाजांतून मुख्यत्वे घोडे येत. पांड्य राजे दरवर्षी हजारो घोडे विकत घेत, आणि तिथल्या हवेत व देखभालीअभावी त्यातले बहुतेक मरत, असे त्याने लिहून ठेवले आहे. तकीउद्दीन अब्दुर्रहमान नावाचा अरब व्यापारी तर पांड्य राजाचा वजीर झाला होता. परतीच्या प्रवासात जहाजे कापड, मिरी आणि मन्नारच्या आखातातले मोती घेऊन जात.

वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत या व्यापाऱ्यांना महिनोन्‌महिने किनाऱ्यावर थांबावे लागे. थांबलेल्यांनी इथल्या मुलींशी निकाह केले. मुले आईच्या कुशीत तमिळ शिकली आणि बापाकडून कलमा. आपल्या कोकणातल्या मुसलमान वस्त्यांची कहाणी यापेक्षा फार वेगळी नाही. कोकणी मुसलमान आणि तमिळ किनाऱ्यावरचे मुसलमान दोघेही शाफई फिक्ह पाळतात, ही समुद्राने ठेवलेली खूण आहे.

मरक्कायर, रावुत्तर, लब्बै

तमिळ मुसलमानांत काही मोठे समूह आहेत. किनाऱ्यावरचे मरक्कायर हे जहाजांचे मालक आणि व्यापारी. त्यांच्या नावाचा संबंध कोणी जहाजासाठीच्या ‘मरक्कलम’ या तमिळ शब्दाशी लावतात, तर कोणी ‘मरकब’ या अरबी शब्दाशी. दोन्ही भाषांत अर्थ एकच. कायलपट्टिणम, किळक्करै, अदिरामपट्टिणम, नागूर ही त्यांची गावे.

रावुत्तर हे आतल्या भागातले. मदुरै, दिंडिगल, तेनी, तिरुनेलवेली या जिल्ह्यांत त्यांची वस्ती दाट आहे. रावुत्तर म्हणजे घोडेस्वार. मराठीत ‘राऊत’ हा शब्द याच अर्थाने आहे, आणि आडनाव म्हणूनही आपण तो रोज ऐकतो. घोड्यांचा व्यापार आणि राजांच्या घोडदळातली चाकरी यांतून हा समूह पुढे आला. ते हनफी फिक्ह पाळतात. लब्बै हे परंपरेने मकतबात शिकवणारे, इमामत करणारे. त्यांच्या नावाचे नाते काही जण हज यात्रेतल्या ‘लब्बैक’शी जोडतात.

याशिवाय दखनी उर्दू बोलणारे मुसलमान आहेत. अर्काटच्या नवाबांच्या काळात आणि त्याआधी दख्खनमधून आलेल्या लोकांचे हे वंशज. चेन्नईचा तिरुवल्लिक्केणी भाग, वेल्लोर, आंबूर, वाणियंबाडी इथे त्यांची वस्ती आहे. चामडे कमावण्याच्या आणि बूट-चपलांच्या धंद्यात आंबूर-वाणियंबाडीने मोठे नाव कमावले आहे, आणि आंबूरच्या बिर्याणीने त्याहून मोठे. तिच्यात बासमती नसतो. जिऱ्यासारख्या बारीक दाण्याचा ‘सीरग सांबा’ तांदूळ असतो. मुद्दा असा की तमिळनाडूत उर्दू बोलणारा मुसलमानही आहे आणि तमिळ बोलणाराही, आणि कोणाचा इस्लाम जास्त पक्का हे भाषेवरून ठरत नाही.

दीन तमिळमध्ये उतरला

आपण ‘नमाज’ आणि ‘रोजा’ म्हणतो. हे दोन्ही शब्द फारसी आहेत, अरबी नव्हेत, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. तमिळ मुसलमानाने अरबी शब्द राखले, पण रोजच्या वापरात आपल्या भाषेतलेही शब्द घेतले. नमाजला तो ‘तोळुगै’ म्हणतो, रोजाला ‘नोन्बु’, मशिदीला ‘पळ्ळिवासल’, ईदला ‘पेरुनाळ’ म्हणजे मोठा दिवस, आणि रसूलला ‘इरैत्तूदर’, म्हणजे ईश्वराचा दूत. घरात बापाला ‘वाप्पा’ आणि आईला ‘उम्मा’ अशी हाक असते. शेजारचा हिंदू तमिळ माणूस यातले बहुतेक शब्द ऐकताक्षणी समजतो. शेजाऱ्याला आपला दीन परका वाटू नये यासाठी याहून सोपा उपाय कोणता?

त्याच वेळी कुरआनची लिपी घरोघर यावी म्हणून त्यांनी आणखी एक वाट काढली. अरबी लिपीत काही जादा अक्षरे घालून ते तमिळ लिहू लागले. या लिपीला ‘अर्वी’ किंवा अरबुत्तमिळ म्हणतात. फिक्ह, सीरत, वैद्यक, बायकांसाठीची मसाइलची पुस्तके असे पुष्कळ लिखाण या लिपीत झाले. किळक्करैचे 19 व्या शतकातले मोठे आलिम सय्यद मुहम्मद, ज्यांना लोक माप्पिळ्ळै लब्बै आलिम म्हणतात, यांनी अर्वीत विपुल लेखन केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या अनेक बायका कुरआनमुळे अरबी अक्षरे ओळखत, आणि अर्वीमुळे त्यांना आपल्या मातृभाषेतले पुस्तक वाचता येई. पुढे छापील तमिळ आणि सरकारी शाळा आल्या तशी ही लिपी मागे पडली. आज ती वाचणारे थोडे उरले आहेत.

तमिळ लिपीतही मोठे काम झाले. 17 व्या शतकात उमरु पुलवर या कवीने ‘सीराप्पुराणम’ हे काव्य रचले. ‘सीरा’ म्हणजे सीरत. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे जीवन सांगणाऱ्या या ग्रंथात सुमारे पाच हजार कडवी आहेत आणि तमिळ साहित्यात त्याला महाकाव्याचा मान आहे. कवीने वर्णन केलेल्या अरबस्तानात तमिळ वाचकाला आपलाच मुलूख भेटतो. डोंगरावरचा पाऊस, वाहत्या नद्या, भाताची शेते त्यात आहेत. भूगोलाच्या पुस्तकात हे चुकीचे ठरेल. पण ज्या श्रोत्याने वाळवंट कधी पाहिलेच नाही, त्याच्या मनात प्रेषितांची माया रुजवायची तर ती त्याच्या ओळखीच्या मातीतच रुजवावी लागते, हे त्या कवीला कळले होते.

या कवीला आश्रय देणारा किळक्करैचा व्यापारी शेख अब्दुल कादिर तमिळ घरांत सीदक्कादि या नावाने ओळखला जातो. त्याच्या दातृत्वावरून, मेल्यावरही देत राहिला तो सीदक्कादि, अशा अर्थाची म्हण तमिळमध्ये रुळली आहे. ती म्हण वापरणाऱ्या पुष्कळांना तो मुसलमान होता याची आठवणही नसते. याहून मोठे आपलेपण दुसरे काय असू शकते?

नागूरचा मनोरा आणि तंजावरचे भोसले

नागपट्टिणमजवळ नागूरला हजरत शाहुल हमीद (रह.) यांचा दर्गा आहे. 16 व्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून आलेले हे बुजुर्ग या किनाऱ्यावर स्थिरावले. दर्याला जाणारे लोक त्यांना फार मानत, म्हणून सिंगापूर आणि पेनांगलाही त्यांच्या नावाच्या वास्तू उभ्या राहिल्या. दर्ग्यावरच्या रीतींबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, तमिळनाडूतही आहेत, आणि त्या वादात शिरण्याची ही जागा नव्हे. आम्हाला सांगायचे आहे ते तिथल्या सर्वांत उंच मनोऱ्याबद्दल. सुमारे 131 फुटांचा तो मनोरा 18 व्या शतकात तंजावरचे राजे प्रतापसिंह यांनी बांधवला.

हे प्रतापसिंह म्हणजे भोसले. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1670 च्या दशकात तंजावरची गादी घेतली. तेव्हापासून 1855 पर्यंत तमिळ मुलखाच्या काळजात एक मराठी राज्य नांदले. त्या घराण्यातल्या सरफोजीराजांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय आजही आहे, आणि तिथे मोडीतल्या कागदपत्रांचे गठ्ठे आहेत. प्रतापसिंहांचे पुत्र तुळजाजी यांनीही नागूरच्या दर्ग्याला जमीन दिली. मराठी बोलणाऱ्या हिंदू राजाने तमिळ बोलणाऱ्या मुसलमानांच्या दर्ग्याचा मनोरा उभारला, ही गोष्ट आपल्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. म्हणून ती घरी सांगावी.

घरात डोकावताना

कायलपट्टिणम आणि किळक्करै या गावांत एक रीत आपल्या वाचक भगिनींना नवलाची वाटेल. तिथे लग्नानंतर मुलगी सासरी जात नाही. नवरा मुलगा तिच्या घरी राहायला येतो. घर मुलीला दिले जाते. पुरुष व्यापारासाठी सिलोन, मलाया किंवा अरब देशांत वर्षानुवर्षे राहत, तेव्हा बायकोने परक्या घरात एकटी पडण्यापेक्षा आपल्या आई-बहिणींत राहावे, हा त्यामागचा विचार असावा. कायलपट्टिणममध्ये घरांच्या मागच्या बाजूने बायकांना जाण्या-येण्यासाठी अरुंद बोळ असतात, आणि बायकांनी एकत्र इबादत करण्यासाठी ‘तैक्का’ नावाच्या स्वतंत्र जागा असतात.

या रीतीची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक मुलीसाठी घर उभे करायचे, म्हणजे तीन मुलींच्या बापाने तीन घरे बांधायची. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला हे शोभते. बाकीच्यांच्या डोक्यावर कर्ज होते, आणि भावांची तारुण्यातली वर्षे बहिणींच्या घरासाठी परदेशात खपतात. नवऱ्याने द्यायचा मेहर बाजूला राहून मुलीच्या बापानेच घर, दागिने द्यायचे, हा हुंड्याचाच एक चेहरा आहे. महाराष्ट्रातही आपण ‘आम्ही मागत नाही, तुम्ही हौसेने द्या’ म्हणत हेच करतो. तेव्हा बोट दाखवण्याआधी आपलाही उंबरा पाहावा.

मुलींच्या शिक्षणाचेही तसेच. तमिळमधल्या प्रसिद्ध कवयित्री आणि कादंबरीकार सलमा तिरुचिरापल्लीजवळच्या तुवरंकुरिच्चीच्या. वयात येताच त्यांची शाळा सुटली, लग्नानंतर त्यांना लपून लिहावे लागले. ‘सलमा’ हे टोपणनाव त्यासाठीच आले. पुढे त्या आपल्या गावच्या पंचायतीच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या कादंबरीत चार भिंतींतल्या मुसलमान बायकांची घुसमट आहे आणि एकमेकींना दिलेला आधारही आहे. सगळ्यांना ती रुचली नाही. पण ती तमिळमध्ये लिहिली गेल्यामुळे साऱ्या तमिळ समाजाने ती वाचली. आपल्या घरातले दुखणे आपणच आपल्या भाषेत सांगितले, तर परक्याला आपल्या वतीने बोलायला जागा उरत नाही.

हातांच्या हुनराचे एक उदाहरण द्यायलाच हवे. तिरुनेलवेली जिल्ह्यात पत्तमडै नावाचे गाव आहे. ताम्रपर्णीकाठच्या कोरै गवताच्या काड्या भिजवून, चिरून, सुताच्या ताण्यावर तिथली लब्बै कुटुंबे चटया विणतात. त्या रेशमासारख्या मऊ असतात आणि घडी करून ठेवता येतात. लग्नाच्या चटईत वधू-वरांची नावे विणण्याची चाल आहे. हिंदूंच्या लग्नातही मुसलमान बायकांनी विणलेली ही चटई असते. मात्र कष्टांच्या मानाने मजुरी कमी मिळते, आणि नवी पिढी या कामात यायला तयार नाही.

रमजानमध्ये मशिदीमशिदींत ‘नोन्बु कंजी’ शिजते. तांदूळ, डाळ, मेथी, आले-लसूण, पुदिना आणि कधी खिमा घालून केलेली ही पेज इफ्तारला घेतात. मगरिबच्या आधी भांडी घेऊन आलेल्या मुलांची रांग लागते आणि त्यात शेजारची हिंदू, ख्रिस्ती मुलेही असतात. या पेजेसाठी राज्य सरकार मशिदींना तांदूळ देते, आणि सरकार कोणत्याही पक्षाचे आले तरी ही प्रथा चालत आली आहे. ईदला किनाऱ्यावरच्या घरांत नारळाचे दूध, अंडी आणि गूळ यांचे ‘वट्टिलप्पम’ वाफवले जाते. आपल्या शिरखुर्म्याचे हे तमिळ भावंड.

समुद्र देतो, समुद्र नेतो

हा किनारा सुंदर आहे तसा क्रूरही. डिसेंबर 1964 च्या वादळात रामेश्वरम बेटाच्या टोकाचे धनुष्कोडी गाव एका रात्रीत उद्ध्वस्त झाले आणि पुन्हा वसले नाही. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. बहुतेक मच्छीमार होते.

त्या दिवसांत कडलूर जिल्ह्यातल्या परंगिपेट्टै गावच्या मुस्लिम जमातने जे केले ते विसरण्यासारखे नाही. गावाचे नावच परंगी म्हणजे फिरंगी लोकांवरून पडले. भोवतालच्या हिंदू मच्छीमार वस्त्यांतून जीव घेऊन पळालेल्या लोकांना सरकारी मदत येण्याआधी या जमातने आसरा दिला, अन्न शिजवून वाढले, मयतांची व्यवस्था पाहिली. जमातची यंत्रणा आधीपासून तयार होती. चूल, भांडी, तरुण मुले, हिशेब सगळे हाताशी होते. आपल्या गावची जमात निकाह आणि कब्रस्तानापलीकडे कशासाठी असते, याचे उत्तर त्यात आहे.

सगळे काही गोड आहे असे आम्ही म्हणणार नाही. नोव्हेंबर 1997 मध्ये कोइंबतूरमध्ये एका पोलिसाच्या हत्येनंतर दंगल उसळली आणि 18 मुसलमान मारले गेले. पुढे 14 फेब्रुवारी 1998 ला त्याच शहरात बाँबस्फोट झाले आणि 58 माणसांचा जीव गेला. निरपराधांचे रक्त सांडणाऱ्यांनी दीनचे भले केले नाही. उलट शेकडो वर्षांचा भरवसा काही मिनिटांत तडकला आणि त्याची किंमत सामान्य मुसलमान घरांनी पुढे कितीतरी वर्षे मोजली. तो भरवसा पुन्हा जोडताना कामी आली ती शेजारची जुनी ओळख आणि एकच भाषा.

शाळा, कॉलेज आणि हक्क

तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांनी कमाईचा वाटा शिक्षणात घातला. वाणियंबाडीचे इस्लामिया कॉलेज 1919 चे. तिरुचिरापल्लीचे जमाल मुहम्मद कॉलेज आणि चेन्नईचे न्यू कॉलेज, दोन्ही 1951 मध्ये सुरू झाली. न्यायमूर्ती बशीर अहमद सईद यांनी चेन्नईत 1955 मध्ये मुलींसाठी कॉलेज काढले. या संस्थांच्या बाकांवर सर्व धर्मांची मुले-मुली बसतात.

राजकारणातही त्यांनी भाषेची बाजू सोडली नाही. ‘काइदे मिल्लत’ मुहम्मद इस्माईल हे मूळचे तिरुनेलवेलीचे आणि स्वतंत्र भारतातल्या मुस्लिम लीगचे अध्यक्ष. संविधान सभेत राजभाषेची चर्चा चालली असताना त्यांनी तमिळच्या प्राचीनतेचा दाखला देत तिचा हक्क मांडला. मुस्लिम लीगचा नेता तमिळसाठी उभा राहतो, हे तमिळ समाजाने लक्षात ठेवले. पुढे 2007 मध्ये राज्याने मागासवर्गीय मुसलमानांना शिक्षण आणि नोकऱ्यांत साडेतीन टक्के आरक्षण दिले आणि ते टिकले. महाराष्ट्रात 2014 च्या अध्यादेशाने जाहीर झालेले पाच टक्के टिकले नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहेच.

आणि डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम. रामेश्वरमला मशिदीच्या गल्लीतले त्यांचे घर, नाव चालवणारे आणि इमामत करणारे वडील जैनुलाब्दीन, मंदिराचे मुख्य पुजारी असलेले वडिलांचे जिवलग मित्र, हे सारे मराठी वाचकांनी ‘अग्निपंख’मध्ये वाचले आहे. कलामांचे प्राथमिक शिक्षण तमिळमध्ये झाले, आणि राष्ट्रपती असतानाही तमिळ काव्याचे दाखले त्यांच्या तोंडी असत. अनेकांना ते अपवाद वाटतात. हा किनारा ओळखला की कळते, ते त्या मातीचे सरळ पीक होते.

आपल्यासाठी

भाषा आणि रंग वेगवेगळे असणे ही अल्लाहची निशाणी आहे, हे सूरह रूममध्ये आले आहे. प्रत्येक रसूल त्याच्या लोकांच्याच भाषेत संदेश घेऊन आला, हे सूरह इब्राहीममध्ये आहे. तमिळ मुसलमानांनी ते जगून दाखवले. त्यांनी कुरआन अरबीत जपला, उर्दूचा दुस्वास केला नाही आणि आईची भाषाही सोडली नाही.

आपल्याकडेही वारसा कमी नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. शाहीर अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्र पेटून उठला. 1990 मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. कमी पडतो तो आपला रोजचा वापर. मुलांना सीरतचे एखादे चांगले मराठी पुस्तक वाचायला द्यावे, रमजानच्या पेजेचे एक भांडे शेजारी पाठवावे, आपली सुख-दुःखे मराठीत लिहावीत, आणि जमातच्या जमाखर्चात मुलींच्या फीसाठी एक रकाना ठेवावा. यांतल्या कशालाही सरकारची परवानगी लागत नाही. मग पुढच्या वेळी एस.टी.त कोणी विचारलेच, मराठी इतकी चांगली कशी बोलता म्हणून, तर आपल्या मुलांनी गोंधळून न जाता सांगावे, की आमच्या आईची भाषा आहे ती.